दाटी आणि भूक

१८४१ च्या जून महिन्यांत आयर्लंडची शिरगणती झाली. त्या वेळीं त्या बेटांत ८१ लक्ष ७५ हजार माणसें भरलीं. दहा वर्षांनीं, १८५१ मध्यें, पुन्हां मोजणी झाली तेव्हां हा आंकडा ६५ लक्ष ५२ हजारांवर उतरला होता. त्यानंतरच्या जवळजवळ पावणेदोनशें वर्षांत जगाची लोकसंख्या सहापटींहून अधिक झाली. आयर्लंडच्या बेटावर मात्र, त्याचे दोन्ही राजकीय भाग एकत्र धरूनही, २०२१ व २०२२ च्या गणनांत मिळून सुमारें ७० लक्ष ५२ हजारच माणसें आढळलीं. म्हणजे १८४१ पेक्षां अकरा लक्षांहूनही अधिक कमी.

सगळीकडे माणूस वाढत असतां एका हिरव्यागार, पावसाच्या देशांतला माणूस कां घटला? या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ काळ एका वाक्यांत दिलें जात असे : तेथें माणसें फार झालीं होतीं. हें उत्तर कितपत खरें हें तपासून पाहण्यासारखें आहे. कारण हेंच उत्तर पुढें सोलापूर आणि अहमदनगरकडच्या माळांवर खडी फोडीत बसलेल्या उपाशी माणसांच्या बाबतींतही देण्यांत आलें.

प्रथम जगाचा हिशेब पाहावा. मनुष्यजातीस पहिल्या शंभर कोटींचा पल्ला गांठावयास हजारों वर्षें लागलीं. तो टप्पा सामान्यतः १८०४ च्या आसपास आला असें मानतात. दुसरे शंभर कोटी १९२७ च्या सुमारास पुरे झाले; त्यांस सव्वाशें वर्षेंही लागलीं नाहींत. तिसऱ्यास तेहतीस वर्षें पुरलीं, चौथ्यास चौदा, पांचव्यास तेरा, सहाव्यास बारा आणि सातव्यासही बाराच. संयुक्त राष्ट्रसंघाच्या गणिताप्रमाणें १५ नोव्हेंबर २०२२ रोजीं जगाची लोकसंख्या आठशें कोटींवर पोंचली.

ही वाढ झाली ती माणसें पूर्वीपेक्षां अधिक मुलें जन्मास घालूं लागलीं म्हणून, असा समज अनेकांचा असतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. मुख्यतः मृत्यु घटले म्हणून ही वाढ झाली. १७९६ मध्यें एडवर्ड जेन्नरनें देवीच्या लशीचा प्रयोग केला. पुढें शहरांना स्वच्छ पाणी मिळूं लागलें, सांडपाण्याचीं गटारें झांकलीं गेलीं, आगगाड्या आणि आगबोटी दूरदूरचें धान्य आणूं लागल्या, आणि विसाव्या शतकांत नव्या औषधांनीं तापाच्या व खोकल्याच्या पूर्वींच्या दहशतीस बराच आळा घातला. पाळण्यांतलें मूल पाळण्यांतच जावयाचें, तें आतां वाढून मोठें होऊं लागलें. मृत्यूचें प्रमाण असें झपाट्यानें उतरलें. जन्माचें प्रमाण मात्र जुन्या वळणावरच कांहीं पिढ्या रेंगाळलें. या दोहोंमधील अंतरांतूनच जगाची ही प्रचंड वाढ निघाली. १९६० नंतरच्या दशकांत ती दरसाल शेंकडा दोनांहून अधिक होती. आज ती शेंकडा एकाच्या आंत आली आहे.

वाढीइतकाच लोकांच्या तोंडीं असलेला दुसरा आंकडा म्हणजे दाटीचा. देशाच्या लोकसंख्येस त्याच्या क्षेत्रफळानें भागलें कीं दर चौरस किलोमीटरास किती माणसें राहतात हें कळतें. मंगोलियांत हा आंकडा दोनच्या आसपास आहे, ऑस्ट्रेलियांत तीन ते चार. भारतांत, केवळ जमिनीचें क्षेत्र धरलें तर, तो पांचशेंच्या जरासा खालीं येतो. नेदरलंड्समध्यें तो पांचशेंच्या वर आहे आणि बांगलादेशांत तेराशेंच्या घरांत. नुसत्या या आंकड्यांवरून पोट भरलेलें कोणाचें आणि रिकामें कोणाचें हें सांगूं जाणारा मनुष्य पहिल्याच पायरीवर अडखळेल. भारतापेक्षां दाट वस्तीचा नेदरलंड्स देश शेतमालाच्या निर्यातींत जगांतील अग्रगण्य देशांत गणला जातो. मिसर देशाचा आंकडा वरवर पाहतां मध्यम दिसतो. परंतु तेथील बहुतेक सारी प्रजा देशाच्या सुमारें शेंकडा पांच भूमीवर, नाईल नदीच्या कांठीं आणि तिच्या मुखाशीं, राहते, आणि बाकीचें वाळवंट भागाकारांत केवळ छेद वाढविण्याचें काम करतें. सरासरी हा एक आंकडा असतो. ती जमिनीचा कस सांगत नाहीं, पाण्याची सोय सांगत नाहीं, आणि ती जमीन कोणाच्या नांवावर आहे हें तर मुळींच सांगत नाहीं.

याच नेदरलंड्सवर १९४४-४५ च्या हिवाळ्यांत भयंकर दुर्भिक्ष कोसळलें. जर्मन सैन्यानें पश्चिम भागांतील शहरांकडे जाणारें अन्न अडविलें, कालवे गोठले, आणि ट्यूलिपचे कंद शिजवून खाण्याची पाळी लोकांवर आली. सुमारें वीस हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. आदल्या वर्षीं त्या देशांत जितकी दाटी होती तितकीच त्या हिवाळ्यांत होती. युद्धानंतर लोकसंख्या उलट वाढली, आणि तरीही तसा दुष्काळ तेथें पुन्हां पडला नाहीं. माणूस आणि धान्य यांच्यामध्यें एक दार असतें, आणि त्याची किल्ली कोणाच्या तरी हातीं असते. दाटीच्या आंकड्यांत ही किल्ली कोठेंच दिसत नाहीं.

ही गोष्ट विसरावयास लावणारा एक निबंध १७९८ मध्यें लंडन येथें निनांवी प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता थॉमस रॉबर्ट माल्थस हा बत्तीस वर्षांचा पाद्री होता. त्याचा युक्तिवाद थोडक्यांत असा : लोकसंख्येस अटकाव झाला नाहीं तर ती एक, दोन, चार, आठ अशा भूमितिश्रेढीनें वाढते, अन्न मात्र एक, दोन, तीन, चार अशा गणितश्रेढीनें वाढतें. अर्थात् दोहोंचा मेळ बसविण्याचें काम रोगराई, युद्ध आणि शेवटीं दुष्काळ यांच्याकडे जातें. १८०३ च्या आवृत्तींत त्यानें आपल्या नांवासह या मताचा विस्तार केला, आणि उशिरां विवाह करून संयमानें राहण्याचा उपायही सुचविला. माल्थस निर्दय नव्हता, आणि आपल्या पूर्वींच्या युगांचें त्यानें काढलेलें चित्र पुष्कळ अंशीं खरेंही होतें. त्याचें भविष्य मात्र चुकलें. लोकसंख्या आठपट झाली तरी जगांत माणशीं मिळणारें अन्न कमी न होतां वाढलें. नवीं बियाणीं आलीं, पाटबंधारे आले, आणि हवेंतील नत्रापासून खत करण्याची युक्ति १९१३ मध्यें जर्मनीच्या कारखान्यांत प्रत्यक्षांत आली.

परंतु हें सर्व पुढचें. १८०५ मध्यें माल्थसची नेमणूक ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजांत झाली. हिंदुस्थानांत मुलकी कारभार पाहावयास जाणारे तरुण तेथें तयार होत. १८०९ पासून हें कॉलेज हेलीबरी येथें भरूं लागलें. तेथें माल्थस १८३४ मध्यें मरेपर्यंत इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवीत होता. लोकसंख्या या इंग्रजी शब्दाचा संक्षेप करून विद्यार्थी त्याला थट्टेनें 'पॉप' म्हणत. या विद्यार्थ्यांपैकींच एक चार्ल्स ट्रेव्हेल्यन. हा मेकॉलेचा मेहुणा. हिंदुस्थानांत बारा वर्षें नोकरी करून तो विलायतेस परतला आणि १८४० मध्यें तेथील खजिना-खात्यांत मोठ्या अधिकारावर चढला. पांच वर्षांनीं आयर्लंडच्या दुष्काळनिवारणाचीं सूत्रें त्याच्या हातीं आलीं.

आयर्लंडमधील जमिनीची मालकी बव्हंशीं थोड्या जमीनदारांकडे होती, आणि त्यांतील कित्येक इंग्लंडमध्यें राहत. कुळांनीं गहूं व ओट पिकवावा, डुकरें पाळावीं, तें सर्व विकून खंड भरावा, आणि पोटासाठीं खंडून घेतलेल्या तुकड्यांत बटाटे लावावे, अशी तेथील रीत होती. थोड्या जागेंत बटाट्याइतकें पोट भरणारें दुसरें पीक तेथें नव्हतें. धट्टाकट्टा मजूर दिवसाला पांच-सहा किलो बटाटे खात असे, आणि जवळजवळ तीस लक्ष लोकांना त्याखेरीज दुसरें अन्न ठाऊक नव्हतें. १८४५ च्या शरदऋतूंत या पिकावर करपा पडला. १८४६ मध्यें बहुतेक सारें पीक जमिनींतच काळें पडून सडलें.

पील याच्या मंत्रिमंडळानें पहिल्या वर्षीं अमेरिकेंतून मका आणविला, आणि मृत्यु फारसे झाले नाहींत. १८४६ च्या उन्हाळ्यांत राज्यकर्ता पक्ष बदलला. सरकारनें धान्याच्या व्यापारांत हात घालूं नये, हें मत आतां वरचढ झालें. त्या वर्षींच्या हिवाळ्यांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि गुरें बाहेर जात होतीं. बाहेरचा मका मोठ्या प्रमाणांत येऊन पोंचला तो पुढच्या वसंतांत. तोंवर अनेक घरें ओस पडलीं होतीं. सरकारी कामांवर १८४७ च्या मार्चमध्यें सात लक्षांहून अधिक माणसें रस्ते खणीत होतीं, परंतु मिळणाऱ्या मजुरींत महागलेलें धान्य येत नसे. मग अन्नछत्रें उघडलीं, आणि त्या जुलैंत रोज सुमारें तीस लक्ष लोकांना शिजवलेलें अन्न मिळूं लागलें. जें अशक्य म्हणून सांगितलें जात होतें तें कांहीं आठवड्यांत शक्य झालें. परंतु शरदऋतु येतांच हीं अन्नछत्रें बंद करण्यांत आलीं, आणि गरिबांचा सारा भार आयर्लंडच्याच स्थानिक करांवर टाकण्यांत आला. शिवाय ज्याच्याकडे पाव एकराहून अधिक जमीन असेल त्यास मदत मिळूं नये, असा निर्बंध कायद्यांत घातला गेला. पोटासाठीं कुळांनीं जमीन सोडली, आणि मागोमाग त्यांच्या झोंपड्या पाडण्यांत आल्या.

सुमारें दहा लक्ष माणसें भुकेनें आणि भुकेमागून आलेल्या तापानें व हगवणीनें मेलीं. दहा लक्षांहून अधिक जहाजांत बसून देशांतर करून गेलीं. ट्रेव्हेल्यननें १८४८ मध्यें या आपत्तीचा वृत्तान्त लिहिला, आणि जुन्या सामाजिक दोषांवर ईश्वरानें योजलेला हा कठोर पण हितकारक उपाय आहे, असा त्याचा अर्थ लाविला. त्याच वर्षीं त्याला 'सर' ही पदवी मिळाली.

आयर्लंडांत माणसें खरोखरीच फार झालीं होतीं काय? १८४१ मध्यें तेथें दर चौरस किलोमीटरास शंभरापेक्षां कांहींशीं कमीच माणसें होतीं. शेजारच्या बेल्जममध्यें त्याच काळांत दीडशेंच्या जवळपास होतीं. करपा बेल्जमच्या बटाट्यावरही पडला. तेथेंही हाल झाले, माणसेंही मेलीं. परंतु आयर्लंडच्या तुलनेनें तो संहार फार लहान होता. बेल्जमच्या शेतकऱ्याजवळ दुसरीं पिकें होतीं, घरगुती विणकाम होतें, गिरण्या होत्या, आणि त्याचें सरकार त्याच्याच देशांत बसत होतें. दुसरा पुरावा त्याहून बोलका आहे. १९११ पर्यंत आयर्लंडची लोकसंख्या ४४ लक्षांच्या आसपास आली, म्हणजे दाटी जवळजवळ निम्मी झाली. दाटी हाच रोग असता तर देश एव्हांना धष्टपुष्ट व्हावयास हवा होता. प्रत्यक्षांत त्यानंतरही पन्नास वर्षें आयरिश तरुण परदेशच्या जहाजांची वाट पाहत राहिला.

आयर्लंडचा हा धडा हिंदुस्थानांतील राज्यकर्त्यांस उपलब्ध होता. १८७३-७४ मध्यें बिहारांत पीक बुडालें तेव्हां सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानें ब्रह्मदेशाहून तांदूळ आणविला, कामें काढलीं, दुबळ्यांना घरबसल्या मदत दिली. बिहार हा अत्यंत दाट वस्तीचा मुलूख. तरीही तेथें भूकबळी जवळजवळ पडले नाहींत. याबद्दल टेंपलला शाबासकीऐवजीं उधळपट्टीचा ठपका मिळाला. दोनच वर्षांनीं दख्खनवर संकट आलें. १८७६ चा पाऊस सोलापूर, कलादगी, बळ्ळारी या जिल्ह्यांत गेला. बंगाल-बिहारच्या मानानें हा मुलूख विरळ वस्तीचा. परंतु येथील कुणब्याजवळ शिल्लक कांहीं उरली नव्हती. सारा रोकड भरावयाचा, त्यासाठीं सावकाराकडे जावयाचें, आणि गहाण टाकलेली जमीन हळूहळू गमावून बसावयाचें, असें चाललें होतें. सुपें गांवापासून सुरू होऊन पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेले १८७५ चे दंगे त्याचीच साक्ष देत होते.

१८७७ च्या आरंभीं व्हाइसरॉय लिटन यानें त्याच टेंपलला दक्षिणेंत पाठविलें, या वेळीं काटकसरीच्या हुकमासह. दुष्काळी कामावर दगड वाहणाऱ्या पुरुषाचें रोजचें धान्य एका रत्तलावर आणण्यांत आलें, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षांही कमी. मुंबई इलाख्यांत अनेक ठिकाणच्या मजुरांनीं या मजुरीवर काम करण्याचें नाकारलें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. आगगाडी सोलापुरावरून जात होती आणि तिच्यांतून धान्यही येत होतें. परंतु तें विकत घेण्यास लागणारा पैसा ज्याच्या गांठीं नाहीं त्याला स्टेशनावरचीं पोतीं असून नसल्यासारखींच होतीं. हिंदुस्थानची प्रजा अन्नापेक्षां वेगानें वाढते, हा सूर त्या काळीं सरकारी भाषणांतून ऐकूं येत होता. १८७६ ते १८७८ या काळांत ब्रिटिश मुलुखांत पन्नास लक्षांहून अधिक माणसें मेलीं. बिहारांतल्या दाटींत माणूस वांचला, आणि दख्खनच्या विरळ माळावर तो मेला. अधिकारी दोन्हीकडे एकच होता.

या संहारानंतर नेमलेल्या कमिशननें १८८० मध्यें अहवाल दिला. दुष्काळांत देशभर धान्याचा खडखडाट होतो असें नसून, शेतमजुराचें काम आणि मजुरी बंद होते, हें त्यानें ओळखलें; आणि त्यावरून दुष्काळी कायद्यांचे नियम तयार झाले. ते पुरेसे पाळले गेले नाहींत. १८९६ पासूनच्या दुष्काळांनीं पुन्हां लक्षावधि माणसें नेलीं. १९४३ मध्यें बंगालमध्यें वीस ते तीस लक्ष मेलीं. त्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनीं १९८१ मध्यें असें प्रतिपादन केलें कीं, धान्य देशांत असूनही तें मिळविण्याचें सामर्थ्य एका वर्गाच्या हातांतून निसटलें तरी दुष्काळ पडतो.

या विचाराची कसोटी महाराष्ट्रांतच लागली होती. आजच्या महाराष्ट्राच्या सीमेंत १९०१ मध्यें १ कोटी ९४ लक्ष माणसें होतीं. १९७१ मध्यें ५ कोटी ४ लक्ष. जमीन तीच, पाऊस तोच लहरी, आणि माणसें अडीचपटींहून अधिक. १९७२ मध्यें पाऊस सपशेल फसला. विहिरी आटल्या, जनावरें चाऱ्यावांचून मेलीं, घरोघरीं परदेशी मिलोच्या लाल भाकरी आणि मुलांच्या हातीं सुकडी आली. हालांना सीमा नव्हती. परंतु बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते आणि खडी फोडण्याचीं कामें ठिकठिकाणीं निघालीं, आणि १९७३ च्या मे महिन्यांत सुमारें पन्नास लक्ष माणसें त्यांवर राबत होतीं. १८७७ सारखीं माणसें किड्यामुंग्यांप्रमाणें मेलीं नाहींत. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेस १९७७ मध्यें राज्याच्या कायद्याचें रूप मिळालें. मागेल त्याला काम, हें त्या कायद्याचें सार होतें.

याचा अर्थ संख्येस मुळींच महत्त्व नाहीं, असा नव्हे. पाण्याचा सांठा मर्यादित असतो, जमिनीचे तुकडे होत जातात, आणि शहरांत घराला जागा पुरत नाहीं. प्रश्न इतकाच कीं, संख्येचा विचार माणसासाठीं करावयाचा कीं माणसाविरुद्ध. १९७६-७७ या एका वर्षांत भारतांत ऐंशी लक्षांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांत सक्तीचा भाग मोठा होता. त्यामुळें कुटुंबनियोजनाचें नांव काढतांच लोक बिचकूं लागले. केरळांत अशा सक्तीच्या मोहिमेचा आधार न घेतांही, मुली शाळेंत गेल्या आणि लहान मुलें जगूं लागलीं, तसे जन्म आपोआप कमी होत गेले. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय पाहणींत भारतांतील दर स्त्रीमागें मुलांची सरासरी दोनवर आलेली आढळली. सध्यांच्या अंदाजाप्रमाणें या शतकाच्या नवव्या दशकांत जगाची लोकसंख्या सुमारें एक हजार तीस कोटींवर पोंचून नंतर हळूहळू उतरूं लागेल. मूल जगणार हा भरंवसा आणि आईच्या हातीं आलेलें शिक्षण यांनीं माल्थसच्या श्रेढीस जो अटकाव केला, तो त्याच्या निबंधांतल्या रोगराईला आणि दुष्काळाला करतां आला नव्हता.

जगांतील आठशें कोटींत आज आयर्लंडचे सत्तर लक्ष आहेत. तेथील पश्चिम किनाऱ्यावरच्या टेंकड्यांवर बटाट्याच्या जुन्या वाफ्यांचे वरंबे गवताखालीं अजून ओळखूं येतात. ते लावणाऱ्यांना त्यांच्या राज्यकर्त्यांनीं फाजील ठरविलें होतें. १८४१ च्या आंकड्यास तें बेट अद्याप पोंचलेलें नाहीं.